चौथी हाक

आईने तीन हाका मारल्या तरी थुने मागे वळून पाहिलं नाही. चौथ्या हाकेला ती वळली, आणि तेवढ्यात फुटपाथवरून उलट्या दिशेने आलेली डिलिव्हरीवाल्याची बाइक तिच्या हातातल्या पिशवीला घासून पुढे गेली. त्याने ब्रेक मारला, "सॉरी सिस्टर" म्हणाला, आणि पुढच्या बिल्डिंगच्या दाराशी थांबून मोबाइलमध्ये फ्लॅटचा नंबर शोधू लागला. झालं काहीच नव्हतं. पिशवीतली कांद्याच्या पातीची जुडी तेवढी खाली पडली होती. ती उचलून थु उभी राहिली तर आई दहा-बारा पावलं मागे, सुपरमार्केटच्या दारापाशी तशीच खिळलेली. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, एक हात अजून तोंडाजवळ. "लागलं का?" तिने विचारलं. "नाही, मे." मे म्हणजे आई. "लक्ष कुठे होतं तुझं?" "गाड्यांचा आवाज होता ना, ऐकू नाही आलं."  गाड्यांचा आवाज नव्हता. शनिवार होता, सकाळचे साडेसात वाजले होते, आणि दोन्ही बाजूंनी वीस-वीस मजली इमारती उभ्या असलेली दुबईच्या अल नहदातली ती गल्ली अजून झोपेत होती. एसीच्या पाइपमधून पाणी ठिबकत होतं, त्याचासुद्धा आवाज येत होता.

लिफ्टमध्ये तिसरा मजला मागे पडला आणि थुला कळलं की आपण तिन्ही हाका ऐकल्या होत्या. अगदी स्पष्ट. थु! थु अय! थु! लांब, सपाट, न चढलेला न उतरलेला तो स्वर कानात शिरला होता, आणि कुणीतरी बाई कुणालातरी बोलावते आहे एवढीच मनाने नोंद घेतली होती. ती बाई आपली आई आहे आणि ते कुणीतरी म्हणजे आपण आहोत हे अंगाला समजलंच नव्हतं. मान हलली नाही, पाऊल थबकलं नाही. आणि चौथी हाक 'तेरेसा' अशी आली, तशी ती कुणी दोरी ओढल्यासारखी गर्रकन वळली होती. आईच्या तोंडून ते नाव तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. ते-रे-सा, तीन तुकडे करून, नवरा, स्टॅनली, किचनमधून मारतो त्या हाकेची नक्कल केल्यासारखं. म्हणजे आईला ठाऊक होतं. कुठली हाक मारली की ही वळते, हे तिने चार महिन्यांत बघून ठेवलं होतं, आणि बाइक अंगावर येताना दिसल्यावर वापरलं होतं. लिफ्टच्या आरशात दोघी शेजारी शेजारी दिसत होत्या. आईने नजर वर केली नाही. ती मजल्यांचे आकडे बघत होती. नऊ, दहा, अकरा.

तेरेसा हे नाव खोटं नव्हतं. व्हिएतनाममधल्या समुद्रकाठच्या त्यांच्या गावात सगळीच घरं कॅथलिक. दर मैलाला एक चर्च, आणि प्रत्येक माणसाला संताचं एक नाव. पण ते नाव तीनच वेळा उच्चारलं जायचं: बाप्तिस्म्याला, लग्नात आणि पुरताना. मधल्या सगळ्या आयुष्यासाठी दुसरं नाव असे. थु म्हणजे पानगळीचा ऋतू. ती त्या दिवसांत जन्मली म्हणून थु. दुबईत आली तेव्हा देराच्या हॉटेलात, स्पाच्या सुपरवायझरने तिच्या छातीवर 'टीना' लिहिलेला बिल्ला लावला, कारण गेस्टना टीना म्हणता येतं. त्याच हॉटेलात फ्रंट ऑफिसला वसईचा स्टॅनली तुस्कानो होता. त्याने लिफ्टपाशी विचारलं, टीना तुझं खरं नाव का, आणि तिने सांगितल्यावर दोन दिवस लिफ्टमध्ये, जिन्यात, स्टाफ कँटीनमध्ये ते बरोबर म्हणायचा सराव करत राहिला. तेवढ्यावर ती त्याच्या प्रेमात पडली असं म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. ऊद मेथाच्या चर्चमध्ये लग्न लागलं. मग पहिल्यांदा वसईला गेले तेव्हा अंगणात मांडवाखाली बसलेल्या सासूने, लुसीमम्मीने, डोळे मोठे केले होते. "थू? अगं बाई, हे काय नाव? चारचौघांत सुनेला हाक मारायची का थुंकायचं?" सगळे हसले. थुही हसली, कारण सगळे हसत होते. नंतर स्टॅनलीने अतिशय हळुवारपणे, जणू कुणी आजारी असल्याची बातमी सांगावी तसं, त्याच्या भाषेत त्या आवाजाचा काय अर्थ होतो ते समजावलं. तेव्हा तीच म्हणाली होती, "तेरेसा इज फाइन." कुणी जबरदस्ती केली नव्हती. कुणी तिच्यावर कधीच जबरदस्ती केली नव्हती, हे तिला आठवायचं तेव्हा राग ठेवायला जागाच सापडायची नाही. महिनाभर स्टॅनली एकांतात थु म्हणत राहिला. मग कधी थांबला ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मार्चमध्ये बाबा गेले. गावाकडे त्या दिवसांत भुरभुर पाऊस असतो, आठवडाच्या आठवडा, न दिसणारा, नुसता अंगाला चिकटणारा. मिठागरं बंद असतात. बाबांना पुरलं तेव्हा खड्ड्याच्या कडा ढासळत होत्या. थुचा भाऊ तैवानला कारखान्यात, तो येऊ शकला नाही. घरात आई एकटी उरली. थु परत आल्यावर आठवडाभर गप्प होती तेव्हा स्टॅनलीच म्हणाला, "घेऊन ये ना त्यांना इथे. आधी व्हिजिट व्हिसावर येऊ देत. रमल्या तर बघू पुढचं. आपल्या एलिशालाही ही आजी मिळेल." तो असाच आहे. मनात आलं की मोकळेपणाने म्हणतो, आणि म्हटलं की करतो. जुलैच्या शेवटी आई आली. विमानतळाच्या काचेच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि हवा तोंडावर आदळली तशी थांबली, आत गेली, पुन्हा बाहेर आली. म्हणाली, "चुलीचं तोंड उघडं राहिलंय कुणाचं तरी."

एक बेडरूम आणि हॉल. हॉलमध्ये कपाट आडवं लावून लेकीचा, एलिशाचा कोपरा केला होता, तिथे आईचीही गादी आली. सुरुवातीचे दिवस थुला फार आठवत नाहीत. आठवतो तो घसा. दिवसभर नेलसलूनमध्ये मान खाली घालून बायकांची नखं घासायची, तिथे बोलावं लागत नसे. संध्याकाळी घरी आल्यावर सगळ्यांचं बोलणं तिच्या घशातून जायचं. स्टॅनली म्हणे, "आईंना सांग, एसी चोवीसवर ठेवत जा, बंद नका करू, कपाटाला बुरशी येते." ती सांगे. आई म्हणे, "त्याला सांग, मला हाडात थंडी शिरते, आणि बंद केलं की निदान बाहेरची माणसं ऐकू येतात." ती सांगे, "शी फील्स कोल्ड." एलिशा विचारी, "व्हॉट डिड बा से?" बा म्हणजे आजी. आई विचारी, "पोर काय म्हणाली?" वाक्यं तिच्यातून जाताना लहान होत गेली. आधी विशेषणं गळाली, मग कारणं. आई जेवताना एकदा तिच्या लहानपणीची एक लांबलचक गोष्ट सांगत होती, भरतीच्या पाण्यात वाहून गेलेल्या म्हशीची, आणि एलिशा डोळे मोठे करून आजीच्या हातांकडे बघत होती. गोष्ट संपल्यावर पोरीने विचारलं, "टेल मी! व्हॉट हॅपन्ड?" थुच्या अंगात त्राण नव्हतं. ती म्हणाली, "अ काऊ वेंट इन वॉटर." एलिशा म्हणाली, "दॅट्स इट?" आणि आई दोघींच्या तोंडाकडे बघत राहिली. एवढी मोठी म्हैस, एवढा मोठा पूर, चार शब्दांत कुठे गेला, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

थुच्या भाषेत मी आणि तू असं सरळ नसतं. आईशी बोलताना स्वतःला लेकरू म्हणायचं, तिला आई. लेकराला भूक नाही. आईने झोपावं. दहा वर्षं इंग्रजीत आय म्हणत, वसईहून फोन आला की तोडक्यामोडक्या मराठीत मी म्हणत काढल्यावर, या वयात पुन्हा प्रत्येक वाक्यात लेकरू व्हायचं हे तिला अवघड जाई. पहिल्या आठवड्यात त्यात सुख होतं. दुसऱ्या महिन्यात तिने वाक्यातून दोन्ही गाळायला सुरुवात केली. भूक नाही. झोप आता. आईच्या कानाला ते कसं लागत असेल हे तिला ठाऊक होतं.

आईचं मन एकाच गोष्टीत रमलं, आणि ती गोष्ट म्हणजे ऊन. बाल्कनीत स्टूल टाकून ती उन्हाकडे बघत बसे. गावाकडे मिठाचे दिवस मोजून मिळत, ढग आला की सगळं गाव आभाळाला शिव्या घाली. "एवढं ऊन," ती म्हणायची, "आणि हे लोक नुसतं फुकट घालवतात." ऑक्टोबरच्या शेवटी एका शनिवारी तिने हट्टच धरला, तेव्हा थु तिला टॅक्सीने ममझारच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. आईने पिण्याच्या पाण्याचे दोन रिकामे कॅन बरोबर घेतले होते. पोहायला आलेल्या लोकांमधून ती विजार गुडघ्यांपर्यंत वर करून आत शिरली, ओंजळभर पाणी जिभेला लावलं आणि मोठ्याने ओरडली, "थु अय! आपल्यापेक्षा खारट आहे गं!" कमरेवर हात ठेवून हसली. सत्तरीची बाई, दोन दात नसलेली. थुसुद्धा पाण्यात शिरली. दोघींनी कॅन भरले, आणि परतताना टॅक्सीवाला पाणी सांडेल म्हणून कुरकुरला तर आई त्याच्याशी व्हिएतनामीत भांडली, तो पश्तूत भांडला, आणि उतरताना दोघंही खूश होते. बेकिंगचे तीन ट्रे आणि एलिशाची खेळण्यांची जुनी प्लॅस्टिकची पाटी बाल्कनीत मांडून आईने त्यात ते पाणी ओतलं. दर तासाला ती एका ट्रेमधून दुसऱ्यात पाणी काढी, फुंकर घाली, कोपऱ्यात जमलेला मळ कापसाने टिपून घेई. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटीच्या तळाशी पांढरी साय धरली. एलिशाने बोट लावून चाखलं. "इट्स ॲक्च्युअल सॉल्ट!" त्या आठवड्यात आजी आणि नात यांना मध्ये कुणी लागलं नाही.

मग ट्रेमधलं पाणी गळून खालच्या मजल्यावरच्या एसीच्या युनिटवर, तिथून खाली उभ्या असलेल्या एका नव्या गाडीच्या बॉनेटवर पडलं. पांढरे ओघळ उमटले. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, इद्रीस वर आला. वयस्कर, सभ्य माणूस, पेशावरकडचा. स्टॅनलीला म्हणाला, "भाईजान, मैं समझता हूँ, अम्माजी बुजुर्ग हैं. लेकिन बाल्कनी में सामान अलाउड नहीं. मुखालफा, मतलब फाइन, आया तो आप पे आयेगा, मेरे पे भी आयेगा." स्टॅनलीने त्याची माफी मागितली, गाडीवाल्याची मागितली, गाडी धुवून आणली. आईला एका शब्दाने बोलला नाही. थुला म्हणाला, "आईंना सांग, आपल्याला चालतं गं, पण बिल्डिंगला नाही चालत." थुने सांगितलं, "बाल्कनीत काही ठेवायचं नाही." आईने विचारलं, "कोण म्हणतं? जावई?" खरं म्हणजे, नाही, तो नाही, असं सांगायला हवं होतं. गाडीचं, इद्रीसचं, दंडाचं सगळं सांगायला हवं होतं. सलूनमध्ये त्या दिवशी चौदा जणी होऊन गेल्या होत्या. बोटांना अ‍ॅसिटोनचा वास होता आणि डोकं ठणकत होतं. थु म्हणाली, "हो." एवढंच. आईने ट्रे धुतले, पुसले, ओव्हनमध्ये जागच्या जागी ठेवले. जमलेलं मीठ, अर्धी वाटी असेल, एका कागदात बांधून आपल्या पिशवीत टाकलं. त्यानंतर ती स्टॅनलीसमोर येताना हात पुढे बांधून, मान जराशी झुकवून यायची, सावकारापुढे यावं तसं. स्टॅनलीला वाटे की हा त्यांच्याकडचा रिवाज असेल, आणि तोही हसून मान झुकवायचा.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ती शनिवारची सकाळ आली. चार हाका आणि बाइक. त्या दिवसापासून आईने थुला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. काही हवं असलं तर ती जवळ येऊन उभी राहायची. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना थुला अचानक जाणवायचं की मागे कुणीतरी आहे. वळून बघावं तर आई. केव्हापासून उभी आहे कळायचं नाही. "काय, मे?" "काही नाही. सुई कुठे आहे?" थुला ते उभं राहणं सहन होईना. आरडाओरडा केला असता, रडली असती, दहा वर्षांत तुला माझ्या आवाजाची ओळख राहिली नाही असं एकदा म्हणाली असती, तर थुने पाय धरले असते. पण आई सुई मागायची आणि सुई देऊन झालं की प्रकरण संपायचं. सलूनमध्ये नखांवरचा जुना रंग पुसताना थु मनातल्या मनात स्वतःला हाक मारून बघे. थु. थु अय. आत कुणी वळतं का बघे. लहानपणी मिठागराच्या बांधावरून ही हाक आली की पाय आपोआप धावत सुटायचे, हातात काय आहे याचंसुद्धा भान नसायचं. एकदा अंड्यांची टोपली घेऊन धावली होती. आता तो शब्द आत पडायचा आणि कुठेच लागायचा नाही.

समोरच्या फ्लॅटमधल्या सुचित्राताई, पुण्याच्या, लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तेरेसा, तुझी आई कित्ती गोड आहे गं! काल मला बघून हसल्या. यू आर सो लकी. माझी आई तर यायलाच तयार नाही." थु म्हणाली, "येस, व्हेरी लकी." मग सुचित्राताईंनी विचारलं, "सासूबाई पण येतायत ना? स्टॅनली म्हणाला. मज्जा आहे मग!"

लुसीमम्मी दर हिवाळ्यात तीन महिने यायची. या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला खाली गादीवर झोपता येणार नव्हतं. एका संध्याकाळी स्टॅनली मेझरिंग टेप घेऊन हॉलमध्ये उभा होता. कपाट इकडे सरकवलं तर सिंगल बेड बसतो. मग गादी टीव्हीखाली. मग एलिशा आपल्या खोलीत. "होईल गं ॲडजस्ट," तो म्हणाला. "दोघी म्हाताऱ्या मिळून रोझरी म्हणतील. दोनतीन महिन्यांचा तर प्रश्न आहे." फोनवर लुसीमम्मी ओरडून सांगत होती, "माझ्यासाठी काही करू नका रे, मी काय, कुठेही पडेन. तिच्या आईला त्रास नको." ती मनापासून बोलत होती. सगळेच मनापासून बोलत होते. टेपचं दुसरं टोक आईच्या हातात होतं. स्टॅनलीने खुणेने सांगितलं होतं, धरा, आणि ती भिंतीला टेप दाबून उभी होती, जावयाला मदत करायला मिळाली म्हणून थोडीशी ताठ. टेप सोडल्यावर सर्रकन आत गेली तशी ती दचकली. मग तिने रिकाम्या जागेकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं, आपल्या गादीकडे बघितलं. तिला काही भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी, थुची सुट्टी होती, दोघी किचनमध्ये कांद्याची पात निवडत बसल्या होत्या. आई जमिनीवर, थु स्टुलावर. आई पातीकडे बघतच म्हणाली, "पुढच्या महिन्यात बाबांच्या वर्षाची चर्चमध्ये मिस्सा आहे. आपल्या अकराव्या महिन्यात. मी नसले तर लोक काय म्हणतील."

थुचे हात थांबले. बाबा गावाकडच्या दुसऱ्या महिन्यात गेले होते. गावाचं पंचांग चंद्राचं असलं तरी मार्चमधली गोष्ट काही डिसेंबरात येत नाही. तिला त्या खड्ड्याच्या ढासळणाऱ्या कडा दिसल्या, छत्र्या दिसल्या, चिखलाने जड झालेल्या आपल्या चपला दिसल्या. आईला हे सगळं तिच्याहून जास्त आठवत होतं. पन्नास वर्षांच्या संसारातला शेवटचा दिवस माणूस विसरत नाही. आईने पातीचं मूळ खुडलं, पिवळं पान बाजूला काढलं, आणि वाट बघितली. थुला तेव्हाही कळत होतं की ही वाट बघणं आहे. आपण फक्त म्हणायचं, मे, बाबा तर पावसात गेले ना. एवढं एकच वाक्य. मग आई खोटी पडेल, रडेल, आपण रडू, आणि काहीतरी मार्ग काढावा लागेल. मोठं घर बघावं लागेल, स्टॅनलीशी बोलावं लागेल, लुसीमम्मीला सांगावं लागेल, रोज संध्याकाळी पुन्हा सगळ्यांची वाक्यं घशातून काढावी लागतील, पूर्णच्या पूर्ण वाक्यं, म्हशीसकट. आणि हे वाक्य जुळवत असतानाच तिला आपल्या खांद्यांत काहीतरी सैल झाल्याचं जाणवलं. पहिल्यांदा तिला ते ओळखता आलं नाही. महिनोन्महिने उचलून धरलेली वस्तू कुणीतरी आपणहून खाली ठेवायला सांगावी, तसं ते होतं. सुटका होती ती. तिला स्वतःची शिसारी आली, पण सुटकेचं सुख त्यामुळे कमी झालं नाही.

"हो, मे," ती म्हणाली. "जायलाच हवं."

आईने मान डोलावली. उरलेली पात दोघींनी निवडली. आईने तिच्यापेक्षा भराभर निवडली.

संध्याकाळी स्टॅनली म्हणाला, "पण तुझे डॅडी मार्चमध्ये ना एक्स्पायर झाले?" थु म्हणाली, "लूनर कॅलेंडर असतं आमचं. वेगळं येतं." "अच्छा," तो म्हणाला, आणि लगेच लॅपटॉप उघडून तिकीट बघायला बसला. "डायरेक्ट फ्लाइट घेऊ. चेंज करताना त्यांना कळणार नाही." त्याने व्हीलचेअरसुद्धा बुक केली. आई धडधाकट होती, पण व्हीलचेअर असली की माणूस बरोबर मिळतो, हरवायची भीती नाही, असं त्याचं म्हणणं. विमानतळावर एका हसतमुख बाईने आईला खुर्चीत बसवलं, पासपोर्ट मांडीवर दिला. एलिशाने तिला मिठी मारून "बाय बा, कम बॅक सून" म्हटलं. आईने स्टॅनलीपुढे हात बांधून मान झुकवली. थुच्या गालाला तिने आपलं नाक लावून वास घेतला, लहान मुलाचा घेतात तसा, खोल. थुला वाटलं, आता बोलेल. पण ती बाई खुर्ची ढकलू लागली होती. "यल्ला, ममा, लेट्स गो." आई पाठमोरी, खुर्चीच्या पाठीवरून फक्त फुलाफुलांचा रुमाल दिसत होता. ती मागे वळून बघू शकत नव्हती, किंवा बघत नव्हती. परतताना गाडीत एलिशा झोपली, स्टॅनलीने थुच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "यू डिड युअर बेस्ट, तेरेसा." तिने खिडकीबाहेर बघितलं.

लुसीमम्मी आली, कपाट सरकलं, बेड आला. घरात बोलणं सोपं झालं. लुसीमम्मी मराठीत बोलायची, एलिशा इंग्रजीत उत्तर द्यायची, कुणाला कुणाचं काही अडायचं नाही. थु कामावरून येऊन पाय वर घेऊन बसू शकायची. आईचे व्हिडिओ कॉल सुरुवातीला रोज येत, मग एक दिवसाआड, मग रविवारी. काय जेवलीस. थंडी आहे का. पोर कशी आहे. बरी आहे. दार नीट लाव. हो. बोलणं संपलं की दोघी थोडा वेळ एकमेकींच्या चेहऱ्याकडे बघत बसायच्या आणि मग थु म्हणायची, "ठेवते, मे, काम आहे." शेजारच्या बाईकडून भावाला कळलं होतं की आई घरातच असते, मिठागरावर जात नाही, चर्चला गेली तरी शेवटच्या बाकावर बसून निघून येते. भावाने तैवानहून मेसेज केला: तिथे काही झालं का? थुने लिहिलं, नाही. मग लिहिलेलं खोडून पुन्हा तेच लिहिलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी तीनचा सुमार होता. लुसीमम्मी दुपारची आत बेडरूममध्ये झोपली होती, स्टॅनलीची ड्यूटी होती. थु किचनमध्ये फ्रिजपाशी उभी होती आणि फोन वाजला. एलिशाने तो उचलून ओट्यावरच्या साखरेच्या डब्याला टेकवला. "मम्मा! इट्स बा!" थुने काही ठरवलं नव्हतं. तिचा हात आपोआप वर आला आणि आडवा हलला. नाही. एलिशाने तिच्याकडे बघितलं. आठ वर्षांच्या पोरीने एक क्षण आईकडे बघितलं, आणि मग ती फोनकडे वळून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बा. मम्मा नो. मम्मा वर्क. ओके?"  एलिशाने हात हलवला आणि ती हॉलमध्ये टीव्हीपुढे जाऊन बसली. फोन तसाच राहिला.

फोनचा पडदा थुला तिरका दिसत होता, नुसता एक पिवळा उजेड. पाठीला फ्रिजची थरथर लागत होती. आईने फोन बंद केला नाही. तिकडे कुठेतरी चर्चच्या भोंग्यावर प्रार्थना चालली होती, एक कुत्रं भुंकलं, स्टूल सरकल्याचा आवाज झाला. तिकडे संध्याकाळचे सहा. दोन पावलं पुढे टाकली असती तर थु चौकटीत आली असती. ती पावलं कशी टाकायची याचा ती खरोखरच विचार करत होती. आल्यावर काय सांगायचं, आत्ताच आले, कामावरून. काय जेवलीस. थंडी आहे का. मग वाडग्यावर जेवायच्या काठ्या वाजल्या. भात ढवळल्याचा, पाल्याचं काहीतरी चावल्याचा, रस्सा फुरकून प्यायल्याचा आवाज येऊ लागला. साखरेच्या डब्याला टेकलेल्या फोनमधून दिसेल तेवढ्या रिकाम्या ओट्यासमोर, शेगडीसमोर, पुसायच्या फडक्यासमोर आई जेवायला बसली होती. थु फ्रिजला पाठ लावून, श्वास ऐकू जाऊ नये म्हणून हळू घेत, तिचं जेवण होईपर्यंत तशीच उभी राहिली.